एकटं सोडू नका

त्या दिवशी सकाळपासून आभाळ राखेसारखं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, वारा तर नावालाही नाही. दोरीवरचे कपडे दोन दिवस तसेच ओले लोंबत होते. अशा हवेत माणूस काही न करताच दमतो, आणि मी तर आधीचाच दमलेला.

मला लिहायची सवय नाही. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. अक्षरं बायकोने शिकवली, तीही लग्नानंतर. तेव्हा सावकाश सांगतो, तुम्हीही सावकाश ऐका.

तीस वर्षं मी एका गोदामावर पहारेकरी होतो. खुर्चीत बसायचं आणि जागं राहायचं, एवढंच माझं काम. आता घरी बसून आहे. बायकोच्या मूत्रपिंडांनी हात टेकले, म्हणून दिवसाआड तिला दवाखान्यात न्यावं लागतं. चार तास यंत्र तिचं रक्त धुतं. लेक तिला घेऊन जाते. घर लेकीच्याच कामावर चालतं. ती कॉम्प्युटरवर अजून न बांधलेल्या घरांची चित्रं काढते, आणि दुपारी तिच्या ऑफिसातले लोक तिकडे बसून ती चित्रं ओढून घेतात. त्यासाठी कॉम्प्युटर चालू राहायला हवा.

आणि नेमकं तेच होईना. लेक समोर बसून काम करायची तेव्हा तो दिवसदिवस ठणठणीत असायचा. ती दवाखान्यात गेली की पडदा काळा. आतला पंखा एकदम भरारायचा, कुणी जिना चढून धापा टाकावी तसा, आणि खोलीभर तापलेल्या धुळीचा वास. ऑफिसला चित्रं मिळायची नाहीत. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा झालं तर काम दुसऱ्याला देऊ, असं त्यांनी कळवलं. रात्री भांडी घासताना लेकीचा हात बराच वेळ एकाच ताटावर फिरत होता.

तर त्या राखाडी दिवशी दुरुस्तीवाला आला. वायरी बदलल्या, धूळ काढली, झोपेचं बटण बंद करून पाहिलं. शेवटी म्हणाला, चित्र दाखवणारं कार्डच बिघडलंय. कामात असलं की त्याला भरपूर वीज मिळते, रिकामं बसलं की वीज कमी होते आणि ते मान टाकतं.

मी म्हटलं, मग ते माझ्याच वयाचं असेल. तो हसला. कार्ड जुन्या बाजारातून त्यानेच आणून दिलेलं. आधी कुठे होतं, विचारलं तर म्हणाला, कुठल्याशा बंद पडलेल्या इमारतीत, पहाऱ्याच्या खोलीत. कॅमेऱ्यांची चित्रं दाखवायचं. समोर रात्रंदिवस कुणी ना कुणी बसलेलं असायचं.

दुसरं कार्ड यायला आठ दिवस लागणार होते. जाताना दारात चप्पल घालता घालता तो म्हणाला, "काका, तोवर एवढंच करा. त्याला एकटं सोडू नका."

त्याला म्हणायचं होतं, काहीतरी चालू ठेवा, माउस हलवत राहा. मी पडलो अडाणी. मला वाटलं, जवळ बसा म्हणतोय. मायलेकी दवाखान्यात गेल्या की मी त्या खुर्चीत जाऊन बसायचो, हात मांडीवर ठेवून. कशाला हात लावला नाही. बिघडलं तर?

आणि पंखा भरारला नाही. चार तास हळू, एकसारखा फिरत राहिला, झोपलेल्या लेकरासारखा. ऑफिसला चित्रं मिळाली.

पुढच्या खेपेलाही तसंच. दुरुस्तीवाला पाहायला आला तेव्हा त्याने विचारलं, काय चालू ठेवलं होतं? मी म्हटलं, काही नाही, मी बसलो होतो. त्याने मला बाहेर उभं केलं, स्वतःही बाहेर आला, दार लोटलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग आतून ती धाप ऐकू आली. त्याने पुन्हा चालू केलं आणि मला खुर्चीत बसवलं. अर्धा तास काही नाही. पुन्हा बाहेर. पुन्हा धाप.

तो हसला नाही. पिशवी आवरताना एवढंच म्हणाला, "नवीन आलं की हे मी नेतो. तोवर... बसा."

बायकोला मात्र माझं हे बसणं सोसेना. आधी थट्टा करायची, म्हातारपणी घरात सवत आणलीत म्हणून. मग थट्टा थांबली. एकदा उशीवरून म्हणाली, त्या सवतीला एकटं सोडवत नाही, मला सोडवतं. मी म्हटलं, लेक असते ना सोबत. ती म्हणाली, लेक फोनवर असते. मी छताकडे बघत असते.

सातव्या दिवशी ती फारच गळाली होती. जिना उतरवायला लेकीला मी हवा होतो, आणि डॉक्टरांनी लेकीला भेटायला बोलावलं होतं. ठरलं असं की तिला गाडीत बसवून मी वर परतायचं. बसवलं. पण तिने माझी बाही सोडली नाही. नुसती धरून ठेवली.

मी लेकीकडे पाहिलं. ती म्हणाली, "चला बाबा. जाईल काम तर जाईल."

दवाखान्यात मी चार तास बायकोजवळ स्टुलावर बसलो. ती आडवी झाल्या झाल्या झोपली, आणि अशी झोपली की नर्सने दोनदा गालावर थोपटून पाहिलं. हात गार होता. मी तो हातात धरून बसलो, पण मन सगळं त्या खोलीत. आत्ता पडदा काळा झाला असेल. आत्ता पंखा धापा टाकत असेल.

परतताना गाडीत तिने डोळे उघडले. म्हणाली, "अहो... बसून बसून पाठ अवघडली माझी."

मी म्हटलं, अगं, तू आडवी होतीस. तिने पुन्हा डोळे मिटले.

घरी आलो. लेकीने आईला आतल्या खोलीत निजवलं. मी कॉम्प्युटरच्या खोलीचं दार उघडलं. पडदा लख्ख चालू होता. पंखा हळू, एकसारखा. लेक धावत आली, वाकून पाहिलं. सगळी चित्रं पोचली होती. ती रडली, हसली, आणि आईला सांगायला आत गेली. काम वाचलं होतं.

खोलीत कोंदट वाटलं म्हणून मी खिडकी उघडली. समोरच्या खिडकीत शिवणकाम करणाऱ्या ताई बसतात, मधे हातभर बोळ. माझ्यामागची खुर्ची त्यांना सरळ दिसते. मी आनंदाने त्यांना सांगायला गेलो, ताई, आज देव पावला. आतल्या खोलीत लेक आईला पाणी पाजत होती, तिचा आवाज मला येत होता.

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. माझ्या खांद्यावरून मागे पाहत, अगदी दबक्या आवाजात त्या म्हणाल्या, "काका, काकूंना असं एकटं सोडून जाऊ नका हो. दुपारभर खुर्चीत बसून तुमची वाट बघत होत्या... हळू बोला. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा."