सहा दहाचा फोटो

लखनने बायकोला पुन्हा फोन लावला आणि रिंग त्याच्या समोरच, वॉचमनच्या केबिनमध्ये वाजली.

कामावर जाताना बायका आपले मोबाईल गेटवरच्या खणात ठेवायच्या आणि सुटल्यावर घेऊन जायच्या. त्याच्या बायकोचा, सविताचा फोन कालपासून तिथेच पडून होता.

दिंडोरी रस्त्यावरच्या त्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर पोलीस उपनिरीक्षक तेजस्विनी गांगुर्डे पोचल्या, तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. लखन गेटपाशी उकिडवा बसला होता. सुरगाण्याहून हंगामासाठी आलेलं जोडपं होतं ते. तो बागेत राबायचा, ती इथे घड निवडायची.

"रातभर मजुरांच्या सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या मॅडम. गावाकडं पण नाय गेली."

तेजस्विनींनी रजिस्टर पाहिलं. काल सकाळी आत आल्याची सविताची सही होती. बाहेर गेल्याची नव्हती.

"मागचं दार?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"कुलूपबंद असतं. किल्ली माझ्याच कमरेला."

म्हणजे ती आतच होती. लखनलाही ते कळलं. तो उठून त्यांच्या मागोमाग आत निघाला.

आत शेडमध्ये चाळीस बायका खाली मान घालून काम करत होत्या. पांढरे हातमोजे काळ्या द्राक्षांच्या रसाने जांभळे झाले होते.

"हिरवा माल संपला, तीन दिवस नुसता काळाच येतोय," व्यवस्थापक ज्ञानेश बोरस्ते क्रेटमधून वाट काढत म्हणाले. "आजच नेमके परदेशी खरेदीदार आलेत. नव्या मशीनची चाचणी चालू आहे पलीकडे."

"कसलं मशीन?"

"घड निवडणारं. कॅमेऱ्याने बघतं आणि स्वतः ठरवतं. सविताकडूनच शिकलं ते. दोन महिने ती काचेच्या खोलीत एकटी बसून निवड करायची. प्रत्येक घडाचा फोटो, वेळ, तिने ठेवला की टाकला, सगळं मशीनमध्ये जायचं. तिच्याइतका पक्का हात नाही इथे दुसरा."

"आणि मशीन शिकल्यावर या बायका?"

बोरस्ते वाटेतली क्रेट उचलून बाजूला ठेवू लागले.

बायकांमध्ये सर्वांत जुनी नवसाबाई. तिला तेजस्विनींनी बाजूला घेतलं.

"मावशी, सविताशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

"झालं होतं. खोटं कशाला बोलू?" नवसाबाई म्हणाली. "म्हनलं, तू आमच्या पोटावर पाय देती. त्या डब्याला शिकवती अन् उद्या आमाला घरी बसवती. ती म्हनली, मावशी, मला बसवलंय, मी बसली. मी नाय शिकवलं तर दुसरी शिकवंल."

"काल किती वाजता सुटलात?"

"साडेसहाला. मीच शेवटची होते."

"काचेच्या खोलीत सविता दिसली?"

"पडदे लावलेले असतात तिथं. बाहेरचा उजेड कॅमेऱ्याला चालत नाय. मॅडम, माझ्यावरच येनार ना हे?"

अकराच्या सुमारास चाचणी संपली. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर अमित बाहेर आला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा असेल. थंड शेडमध्येही त्याची कॉलर घामाने भिजली होती.

"सविताताईंना शेवटचं कधी पाहिलंत?"

"पाच-सव्वापाचला. त्या काम करत होत्या. मी पाच चाळीसला निघालो. रजिस्टरमध्ये आहे. मग द्वारका चौकातल्या लॉजवर."

"त्यानंतर त्या किती वेळ होत्या?"

अमितने लॅपटॉप फिरवला. वेळांची लांबलचक यादी होती. "त्यांच्या नावावरची शेवटची निवड सहा वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे मी गेल्यावर अर्धा तास."

सहा दहाला सविता होती, साडेसहाला नवसाबाई एकटीच बाहेर पडली. बोरस्त्यांची नजर नवसाबाईकडे वळली. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

तेजस्विनींनी शिपायांना सगळं शोधायला लावलं. पेट्यांच्या थप्प्या, शौचालयं, चालू असलेल्या तिन्ही शीतखोल्या. सविता कुठेच नव्हती. कोपऱ्यात चौथी, बंद पडलेली शीतखोली होती. जाड दारावर कागद चिकटवला होता, 'धोका. अमोनिया गळती. उघडू नये.' खाली दाराला टेकून मांजर झोपलं होतं.

"ही?"

"जुनी आहे, अमोनिया वायूवर थंड व्हायची. गळतीचं मलाही आजच कळलं, कागद बघून," बोरस्ते म्हणाले. "मेकॅनिक मागवलाय. तोवर उघडू नका, जीव जाईल कुणाचा तरी."

तेजस्विनी तिथून ऑफिसात आल्या. "ती यादी तुमच्या कॉम्प्युटरवर दिसते? वेळा नकोत. मला फोटो दाखवा."

"फोटो कुणी बघत नाही, मॅडम," बोरस्ते म्हणाले, पण त्यांनी उघडले.

काल दुपारी चारचा फोटो. हातमोज्यातला हात, त्यात काळा घड. पाच वाजताचा, काळा घड. पाच पंचविसाचा, काळा.

पाच चाळिसाचा फोटो आला आणि बोरस्त्यांचा हात माऊसवर थांबला. पुढचे सगळे, अगदी सहा दहापर्यंत, हिरव्या द्राक्षांचे होते.

तेजस्विनी बंद शीतखोलीकडे धावल्या. मांजर उडी मारून पळालं. दाराची कडी बाहेरून अडकवलेली होती. दोन शिपायांनी जोर लावला तेव्हा दार सुटलं. वास आला तो फक्त कोंदट हवेचा.

सविता भिंतीला टेकून पडली होती. दारावर मारून मारून तिचे हात सुजले होते. लखनने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तो तिला हाका मारत राहिला. मग तिने डोळे उघडले.

अमित गेटकडे चालू लागला होता. शिपायाने त्याला परत आणलं.

"अमोनिया गळत असता तर इथे डोळे उघडे ठेवता आले नसते," तेजस्विनी म्हणाल्या. "मांजर दाराशी झोपलं नसतं. कागद लावणाऱ्याला दार बंद राहायला हवं होतं, एवढाच त्याचा अर्थ. आणि फोटो. हिरवा माल तीन दिवसांपूर्वीच संपला, मग काल संध्याकाळी तो सविताच्या हातात कुठून आला? कुणीतरी जुन्या फोटोंवर नव्या वेळा घातल्या. ते करता येणारा माणूस इथे एकच होता. पाच चाळीसनंतर ती कामावर होती असं दिसलं की तो सुटला, आणि शेवटी बाहेर पडलेली नवसाबाई अडकली."

"मावशींचं नाव मी घेतलं नाही," अमित पुटपुटला.

"घ्यायची गरज ठेवली नाहीस. का कोंडलंस तिला?"

"मशीनला घडाच्या आतली कूज दिसत नाही. ताई घड उचलून वास घेतात, देठ दाबून बघतात. कॅमेरा फक्त वरून बघतो. त्या म्हणाल्या, उद्या परदेशी पाहुण्यांना सांगणार. एवढ्या बायांची कामं जाणार आणि वर सडका माल जाणार, हे त्यांना चालणार नव्हतं. आमच्या टीममध्ये बारा जण होतो. कोड लिहिणारं मशीन आलं, आठ जणांना काढलं. ही चाचणी फसली तर मी नववा. जुनी क्रेट दाखवतो म्हणून ताईंना आत नेलं. सकाळी चाचणी झाली की उघडणार होतो. पण पोलीस आले."

ॲम्ब्युलन्स शेडच्या दाराशी लागली. बायका हातातलं काम टाकून गोळा झाल्या. सविताला स्ट्रेचरवर घेताना अमित एकदम पुढे झुकला.

"ताई, मी तुम्हाला सोडणारच होतो."

सविताचा घसा बसला होता. शब्द ऐकायला सगळ्यांना जवळ यावं लागलं.

"कधी?" तिने विचारलं.

अमित मागे सरकला.

नवसाबाईने आपले जांभळे हातमोजे काढले, खिशात कोंबले आणि कुणाला न विचारता सविताशेजारी ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसली.