समोरचा सेन्सर

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या पापण्यांवर भुरभुरता बर्फ वितळत होता, आणि मी काउंटरमागे तोंडात बटाट्याचं सारण भरलेली अख्खी पिरोही कोंबून उभी होते.

"चर्चची व्हॅन आहे," तो म्हणाला. "इंजिनाचा दिवा लागलाय. बघता का जरा?"

मी कशीबशी गिळली. आमच्या पार्मा गावात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात हा दिवा का लागला ते फुकट बघून देतात. मी बाहेर जाऊन यंत्र जोडलं. "ऑक्सिजन सेन्सर. बँक एक, सेन्सर एक."

"जरा सोप्या भाषेत सांगा ना! म्हणजे कुठला?"

"धुराच्या नळीवर असतात हो. इंजिनाच्या दोन बाजू, त्या दोन बँका. आणि सेन्सर एक म्हणजे धूर गाळणाऱ्या डब्याच्या अलीकडचा."

"आणि बँक एक?"

इथे दुकानाच्या मालकाला, म्हणजे माझ्या मामाला विचारायला हवं होतं. पण तो असा बघत होता... "समोरची!" मी ठोकून दिलं. "बॉनेट उघडलं की दिसतोच. दहा मिनिटांचं काम."

"तुम्हाला सगळं पाठ दिसतंय."

"लहानपणापासून इथेच आहे," मी मान उडवली. काय तो तोरा!

त्याचं नाव ओरेस्ट. चर्चच्या गायकवृंदात नवा आलेला. उपवासाच्या दिवसांत दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात पिरोह्या विकायला असतात. त्या करणाऱ्या आज्यांना घरोघरून आणायचं काम याच्याकडे होतं. त्याने सेन्सर घेतला, दुकानाचा खास पाना उसना नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला.

"झालं?"

"झालं... म्हणजे, हो."

पाना धुतल्यासारखा लख्ख होता. काय टापटिपीचा मुलगा, म्हणून मी उगाचच हरखले.

मग तो येतच राहिला. कधी वायपर, कधी बल्ब. "एका व्हॅनला किती बल्ब लागतात हो?" मी विचारायचे. "काउंटरवर कोण आहे त्यावर अवलंबून," तो म्हणायचा आणि स्वतःच कानापर्यंत लाल व्हायचा.

एका बुधवारी मात्र तो पडेल चेहऱ्याने आला. "दिवा लागलेलाच आहे. दुपारी धुराची तपासणी आहे. नापास झाली तर परवाच्या शुक्रवारी आज्या घरी बसतील. माझ्या हाताला यशच नाही, लेस्या. तुम्ही सांगितलं ते काही चुकीचं नसणार."

तो वायपरच्या रांगेकडे वळला, तसा बोहदानमामा मागून हळूच म्हणाला, "कुठला बदलायला सांगितलास गं?"

"समोरचा."

"त्या व्हॅनची बँक एक मागे असते, माणसं बसतात त्या बाजूला. समोरची ती दोन."

माझे कान पेटले. हा बिचारा स्वतःला दोष देतोय आणि मी इथे हुशारीचा मुकुट घालून बसलेय! गप्प राहिले तर त्याला कधीच कळणार नव्हतं. बोलले तर तो पुन्हा तसा माझ्याकडे बघणार नव्हता. मी कोट चढवला आणि त्याला म्हटलं, "बाहेर चला."

आवारात 'इथे गाडी दुरुस्त करू नये' अशी पाटी आहे. तिच्याखालीच अख्खं गाव गाड्या दुरुस्त करतं. तिथे उभी राहून मी एका दमात सांगून टाकलं, "चूक तुमची नाही, माझी आहे. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्याचं दाखवलं. तुम्ही चिखलात उभं राहून चांगला सेन्सर काढलात, माझ्यामुळे. बघा, दाखवते..."

"नको! बॉनेट नको उघडूस!"

तोवर मी उघडलं होतं. समोर सेन्सर होता. गंजलेला, रस्त्यावरच्या मिठाने पांढरा पडलेला. दहा वर्षांत कुणी न काढलेला.

मी त्याच्याकडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता.

"निघालाच नाही," तो पुटपुटला. "दोन तास झटलो. तू म्हणालीस दहा मिनिटांचं काम... कुठल्या तोंडाने सांगणार? नवा सेन्सर सीटखाली आहे. खोक्यातच."

"आणि पाना म्हणून इतका स्वच्छ!"

"मी धुतलाही होता," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही शरमेने अर्धमेले होऊन हसत सुटलो.

इंजिन थोडं तापवलं, गंज सोडवायचं तेल मारलं. मी मागे हात घातला, त्याने बॅटरी धरली. बॅटरीचा झोत सारखा माझ्या तोंडावरच येत होता. "सेन्सर तिकडे आहे, ओरेस्ट." "हो का? मला इकडेच वाटला." अखेर कर्रकन आवाज झाला आणि तो निघाला. नवा बसवला, दिवा विझवला. पण काही मैल पळवल्याशिवाय तपासणीत घेत नाहीत, म्हणून त्याने दुसऱ्या दिवसाची वेळ मागून घेतली. त्या संध्याकाळी आम्ही व्हॅन घेऊन सरोवराकाठाने नुसते फिरत राहिलो. दिव्यावर नजर ठेवायची जबाबदारी माझ्यावर होती. मी काही ती नीट पाळली नाही.

व्हॅन पास झाली. शुक्रवारी तळघरात पीठ मळता मळता स्तेफाआजी सगळ्यांसमोर गरजली, "शाबास रे ओरेस्ट! एकट्याने दुरुस्त केलीस म्हणे!"

हो म्हणाला असता तरी मी त्याला माफ केलं असतं. इतक्या बायकांसमोर कोण आपली फजिती सांगेल?

"मी नाही, आजी," तो म्हणाला. त्याचे कान पेटले होते. "माझ्याने समोरचासुद्धा निघाला नाही. आणि मी लेस्याला खोटं सांगितलं की निघाला."

लाटणी थांबली. वीस आज्या माझ्याकडे वळल्या.

"आणि मी त्याला समोरचा काढायला सांगितलं," मी म्हटलं. "तोही चुकीचाच होता."

"देवा!" आजी म्हणाली. "मग या दोघांनी एकमेकांनाच काय तो त्रास द्यावा, बाकी जगाला कशाला?"

त्याने पिठाच्या टेबलावरून हात पुढे केला. नखांत अजून काळं तेल होतं. माझ्याही होतं. मी तो सगळ्यांच्या देखत धरला.

"आधी हात धुवा मेल्यांनो!" आजी ओरडली. आम्ही धुवायला गेलो आणि बराच वेळ परत आलो नाही.