हॉयटची पकड

यातलं एकही वाक्य माझ्या पदरचं नाही. ओपल स्टिल्टनर आमच्या शेजारच्याच घरात राहते. हे सगळं तिची बहीण मॅक्सीन सांगते, आणि सांगताना अजूनही मध्येच मागे वळून बघते.

वेस्ट व्हर्जिनियातला आमचा डोंगर. नोव्हेंबर महिना. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधीचा शनिवार.

रात्र नव्हती... लख्ख दुपार होती.

ओपलचा नवरा हॉयट मागल्या हिवाळ्यात मचाणावरून पडून मेला. कुणी फारसं रडलं नाही.

त्याचं एक पिस्तूल होतं. एका वेळी एकच काडतूस घेणारं. खीळ काढायची, नळी बदलायची. जशी नळी तसं काडतूस. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्याने चार मित्रांसमोर ते ओपलच्या हातात दिलं.

"बारकी नळी बसवलीय, चिमणे. घाबरतेस काय?"

बारकी नव्हती. अस्वल लोळवणारी होती.

तिने चाप ओढला आणि पिस्तूल उलटून तिच्या तोंडावर बसलं. मनगट मोडलं. पुढचे दोन दात गवतात पडले. हॉयट हसून हसून खाली बसला.

मनगट पुढे कधी नीट जुळलंच नाही.

तर हॉयट गेल्यावर ओपल त्याची ती मोठी नळी घेऊन ड्वाइटच्या बंदुकांच्या दुकानात गेली. सोबत मॅक्सीन.

"ही ठेवून घे. मला सोसेल अशी दे. फ्रीजरमध्ये मांस नाही, आणि दुसऱ्याच्या दारात मागायला मी जाणार नाही."

ड्वाइट दात काढून म्हणाला, "हॉयट तुझे दात पडल्याची गोष्ट इथेच उभा राहून सांगायचा. काय रंगवून सांगायचा!"

"तुझे पाडू का?" मॅक्सीन म्हणाली. "मग तूही रंगवून सांग."

ड्वाइटने मुकाट्याने एक नळी काढली. "तीनशे सत्तावन्न मॅग्नम. लांब आहे, जडही आहे. वजन धक्का पितं. सरावाला यातच अडतीसची, कमी जोराची मऊ काडतुसं घाल. हात दुखणार नाही. मोसमात जोरदार मॅग्नम घाल आणि हरीण जवळ येऊ दे."

त्याच दुपारी दोघी घरामागच्या जुन्या खाणीत गेल्या. लाकडी मेज मांडलं. समोरच्या मातीच्या भिंतीला कागद लावला.

पहिली गोळी. मनगटाला जरासा हिसका, बस्स.

ओपल हसली. तोंडावर हात न धरता हसली, असं मॅक्सीन सांगते.

दुसरी गोळीही तशीच.

तिसरी झाडली... आणि धक्काच बसला नाही.

आवाज झाला. कागद हलला. पण पिस्तूल केसभरही उचललं गेलं नाही.

"भलतीच मऊ आहेत गं ही काडतुसं," मॅक्सीन म्हणाली.

ओपलने मनगट चोळलं. तिच्या मनगटाभोवती गार काहीतरी होतं.

तिने चौथं काडतूस भरलं. नळी बंद केली. तेवढ्यात मॅक्सीन म्हणाली, "थांब हं, आधी कागद बघून येते."

ओपलने हातातलं पिस्तूल तसंच धरून मेजावर टेकवलं. घोडा खालीच होता. मॅक्सीन चालू लागली.

कावळे ओरडत होते... ते थांबले.

मॅक्सीनच्या बुटांखाली खडी वाजत होती... तीही ऐकू येईना.

मग अगदी कानाशी...

"हात सैल सोड, चिमणे."

ओपलला मूठ सोडायची होती. बोटं उघडेनात. पिस्तूल सावकाश वर आलं.

खट्.

घोडा मागे ओढला गेला होता. तिचा अंगठा जागचा हललाही नव्हता.

नळी मॅक्सीनच्या पाठीवर स्थिरावली. इतकी स्थिर, की जणू शिकंज्यात धरली होती.

तिने ओरडून पाहिलं. आवाज फुटेना.

चापावरचं तिचं बोट दाबलं जाऊ लागलं. आणि कानाशी ते हसू... हसून हसून खाली बसणाऱ्या माणसाचं.

ओपलने डाव्या हाताने मेजाखालचा धोंडा उचलला आणि स्वतःच्या उजव्या मनगटावर घातला.

एकदा. काही नाही.

पुन्हा.

हाड मोडल्याचा आवाज मॅक्सीनला तिकडे ऐकू गेला. लगोलग गोळी सुटली आणि तिच्या टाचेजवळची खडी उडाली.

ती धावत आली. ओपल गुडघ्यांवर होती. पिस्तूल मातीत पडलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरने मनगट उलटसुलट पाहिलं. धोंड्याची जखम वेगळी, आणि गोल फिरलेले चार काळेनिळे वळ वेगळे.

"कुणी धरलं होतं तुला? एवढा मोठा हात कुणाचा?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

प्लास्टर नाताळानंतर काढलं. जखम भरली होती. वळ मात्र तसेच... ताजे, जणू कुणी आत्ताच धरून सोडलंय. पिस्तूल त्यांनी सुटं करून नदीत टाकलं. त्याने काय झालं?

मॅक्सीन आता बहिणीच्या उजवीकडे बसत नाही. ओपलने कारण विचारलेलं नाही.

गेल्या रविवारी चर्चच्या जेवणात ओपल माझ्यासमोर आली. "कशी आहेस?" म्हणत तिने उजवा हात पुढे केला.

मी चटकन बटाट्यांचं भांडं दोन्ही हातांनी उचललं.

तिने हात मागे घेतला. घेतला म्हणजे... घ्यायला तिला जरा वेळ लागला.