सहाव्या लेकराचं नाव

विश्वास ठेवा, असा माझा आग्रह नाही. पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे आजोबा, नेमिनाथअण्णा, जन्मभर मोजणी खात्यात नकाशे काढत होते. नकाशावर त्यांनी कधी वीतभर जमीन इकडची तिकडं दाखवली नाही. तो माणूस भुताची गोष्ट रचेल, हे मला पटत नाही.

१९४६ चा डिसेंबर. सातारा कॅम्प.

आणि रात्र नव्हे... सकाळी सात ते दहाची वेळ.

अण्णा सांगलीकडचे, नोकरीला साताऱ्यात. कॅम्पातल्या एका दगडी बंगल्यात मिस हॅलम नावाची इंग्रज बाई एकटी राहायची. जन्म साताऱ्यातला. मराठी अशी बोलायची की डोळे मिटले तर मेढ्याकडची बाई वाटावी. इंग्लंड तिनं कधी पाहिलंही नव्हतं. अचानक तिकडचे चुलते निपुत्रिक वारले आणि खेड्यातली सहाशे वर्षांची दगडी हवेली तिच्या नावावर झाली. वकिलानं पेटीभर जुने कागद पाठवले.

बाई मार्चच्या बोटीनं निघणार होती. त्याआधी तिला घराण्याची वंशावळ हवी होती, हवेलीच्या दिवाणखान्यात टांगायला. सगळ्या पिढ्या, एका मोठ्या कागदावर. सगळ्यात खाली तिचं स्वतःचं नाव. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यांना बोलावलं. ऑफिसआधी रोज तीन तास.

तिसऱ्या पिढीशी अण्णा थांबले.

सन १३४९. एका जोडप्याची सहा लेकरं. पण नावं पाचच.

सहाव्या जागी पेटीतला तो चामड्याचा जुना कागद कुणीतरी पात्यानं खरवडला होता.

सोबत वकिलाची चिठ्ठी होती. त्या वर्षी गावात प्लेग होता. ताप आलेल्या धाकट्या पोरीला उत्तरेच्या खोलीत ठेवलं आणि दार दगडांनी बुजवलं. पुढं घरात तिचं नाव काढायला बंदी.

दार बुजवलं तेव्हा ती जिवंत होती का... ते लिहिलेलं नव्हतं.

"पाचच काढा, नेमिनाथ," बाई म्हणाली. "असली गोष्ट भिंतीवर टांगायची नाही."

अण्णांनी पाच नावं काढली.

जानेवारीच्या सुरुवातीला कागद पुरा झाला. कपाटात ठेवला. किल्ली बाईच्या गळ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट उघडलं...

ती पाच नावं नव्हती.

पुसलेली नव्हती. खरवडलेली. पात्यानं शाई काढली की कागदावर बारीक लव उठते, अण्णांना ती रोजची ओळखीची. त्यांनी मुकाट्यानं नावं पुन्हा लिहिली.

पुढच्या सकाळी ती पुन्हा गेली होती. आणि त्यांच्या खालची पिढीसुद्धा.

मग रोज एक ओळ. वरून खाली.

बाईनं कुलूप बदललं. कागद उशाखाली ठेवून झोपली. तरीही.

आणि एक आवाज यायला लागला... भर सकाळी, ऊन पडलेलं असताना. स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या भिंतीतून.

टक. टक.

फार खाली. जमिनीपासून हातभर उंचीवर.

स्वयंपाकाला रंगूबाई होती, विधवा, मूलबाळ नसलेली. ती म्हणाली, "अण्णा, भिंतीमागं कायबी न्हाई. मी मागनं जाऊन बघितलं. नुसतं परसू हाय."

एका सकाळी बाईच्या आजोबांची ओळ गेली. त्या दिवशी बाई चहा घेता घेता थांबली. "नेमिनाथ... माझ्या आजोबांचं नाव काय हो?"

अण्णांना वाटलं, गंमत करतेय.

दुसऱ्या दिवशी वडिलांची ओळ गेली. बाईचे वडील साताऱ्यातच वारलेले, दर रविवारी ती त्यांच्या थडग्यावर फुलं ठेवायची. त्या सकाळी ती भिंतीवरच्या तसबिरीसमोर उभी होती.

"हा माणूस कोण आहे?"



कागदावर आता खाली एकच नाव उरलं होतं. तिचं.

"त्या सहाव्या पोरीचं नाव लिहायला हवं," अण्णा म्हणाले.

"कुठून आणू?" बाई ओरडली. "ते कुणालाच माहीत नाही!"

रंगूबाई दारात उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, वंशावळ काय ते ठाऊक नव्हतं.

"आवं बाईसाहेब," ती हळूच म्हणाली, "इडनी म्हंजे काय वो?"

बाईनं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"भित्तीतलं पोर हाय न्हवं... मी आज इचारलं, कोण गं तू? नाव काय तुझं? तर म्हणलं, इडनी. मला वाटलं विडणी गावाची हाय, वाट चुकली. लय बारीक आवाज वो."

बाईनं चामड्याचा कागद उचलला आणि खिडकीतल्या उन्हासमोर धरला. खरवडलेल्या जागी लेखणीचे ओरखडे उमटले. पाच इंग्रजी अक्षरं.

इडनी.

"लिहा," बाई म्हणाली.

अण्णांनी सहावी रेघ ओढली. नाव लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलं.

भिंतीतली टकटक थांबली.

त्यानंतर एकही नाव गेलं नाही. अण्णांनी सगळ्या पिढ्या पुन्हा लिहिल्या. बाईला वडिलांचं नाव आठवलं. चेहरा मात्र कधीच आठवला नाही.

मार्चमध्ये ती गेली. सहा महिन्यांनी एकच पत्र आलं. हवेलीत पोचताच तिनं उत्तरेच्या दाराचे दगड काढवले होते. सहाशे वर्षं बंद राहिलेली खोली...

रिकामी निघाली. हाड नाही, चिंधी नाही. धूळसुद्धा नाही.

मग ती पोर गेली कुठं?

अण्णा म्हणायचे, हे मला विचारू नका.

पण १९४८ च्या उन्हाळ्यात मोजणीच्या कामाला ते मेढ्याला गेले होते. बाजारात रंगूबाई दिसली. अंगानं भरलेली, हसरी. बंगला सुटल्यावर माहेरी येऊन राहिली होती. हरिबा नावाच्या भावाच्या शेजारी तिनं खोली बांधली होती.

"एकटीच राहता?" अण्णांनी विचारलं.

"व्हय की," ती म्हणाली. नजर मात्र चुकवली.

निरोप घेऊन ती चढाच्या वाटेला लागली. अण्णा बघत राहिले.

ती फार सावकाश चालत होती. उजव्या हातात पिशवी. डावा हात अंगापासून जरा लांब, खाली झुकलेला, मूठ अर्धवट मिटलेली...

लहान लेकराचं बोट धरून चालावं, तसा.

अण्णांनी तिला हाक मारली नाही. ती वळली असती तर तिच्यासोबत आणखी कोण वळलं असतं, ते त्यांना बघायचं नव्हतं.