शनिवारी लाईट नसते

जिलबीचे कल्ले मिनिटाला एकशे चौतीस वेळा उघडत होते. उज्वलाने घड्याळ समोर ठेवून दोनदा मोजलं होतं. सकाळी दहाला, लाईट जायच्या आधी, हाच आकडा ब्याऐंशी होता.

जिलबी म्हणजे केशरी-पांढरी गोल्डफिश. तिच्याबरोबर लाडू आणि करंजी. नावं सृष्टीने ठेवलेली. सृष्टी म्हणजे शेजारच्या सुभेदारांची सात वर्षांची मुलगी. देवळाली कॅम्पात बदली झालेलं बिऱ्हाड जाताना काही ना काही शेजाऱ्यांकडे ठेवून जातंच - तुळशीची कुंडी, सायकल, एखादा पोपट. सृष्टी तीन फुटी टाकी ठेवून गेली होती. "मावशी, एकही मरू द्यायचा नाही हं," असं बजावून. आता दर रविवारी ती आसामहून व्हिडिओ कॉल करून तिघांची हजेरी घ्यायची.

आणि आज जूनमधला शनिवार. दुरुस्तीसाठी पाच वाजेपर्यंत वीज बंद. टाकीतला पंप गप्प, पाणी कोमट आणि तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडतायत.

तेवढ्यात दार वाजलं.

"माफ करा, वरच्या मजल्यावर नवीन आलोय. दिनेश गावित. थोडा बर्फ मिळेल का? फ्रीजमध्ये लसी आहेत, उद्याच्या शिबिराच्या... खराब होतील."

"माणसांच्या लसी?"

"शेळ्यांच्या. मी गुरांच्या दवाखान्यात असतो."

तिने बर्फाचा ट्रे त्याच्या हातात दिला आणि लगेच टाकीकडे वळली. तो मात्र दारातच घुटमळला.

"काय मोजताय?"

"कल्ल्यांची उघडझाप. एकशे चौतीस झालीय."

"बाप रे. मग आता?"

"पाच मिनिटांनी परत मोजते. तीन रीडिंग झाल्याशिवाय काही म्हणता येत नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग ट्रे खाली ठेवून सरळ आत आला. ओट्यावरचा तांब्या उचलला, टाकीत बुडवला आणि हातभर उंचीवरून पाण्याची धार परत टाकीत सोडायला लागला. एकदा, दोनदा, दहादा...

"मॅडम, तिसऱ्या रीडिंगपर्यंत मासा थांबायला तर हवा!"

उज्वला लाजून लाल झाली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजणं हेच तर तिचं काम. नाशिकच्या प्रयोगशाळेत तिच्या सहीशिवाय पाण्याचा अहवाल बाहेर जात नसे. पडणारं पाणी हवा ओढून घेतं, हे तिने कॉलेजात शिकवलंसुद्धा होतं. पण ऐन वेळी सुचलं ते फक्त मोजणं.

"तुम्हाला कसं माहीत?" तिने दुसरा तांब्या घेत विचारलं.

"मी सुरगाण्याचा. लहानपणी नार नदीतून जिवंत मासे घरी आणायचे, तर बादलीतलं पाणी वाटभर हाताने खेळवत आणायला लागायचं. आई मागून ओरडायची - दिन्या, हात थांबवू नको!"

"आणि घरी आणून?"

"घरी आणून... कालवण." तो घाईने जिलबीकडे वळला. "तुला नाही गं म्हणालो."

उज्वला हसली. खूप दिवसांनी, मोठ्याने. मधेच तो वर जाऊन बर्फ लसींभोवती ठेवून आला. दुपारी तीनला तिने परत मोजलं. शहाण्णव.

त्यानंतर वीज कंपनीचा मेसेज आला, की ती एक ओळ वरच्या मजल्यावर पाठवायची - 'शनिवारी लाईट नाही.' आणि शनिवारी दहाच्या ठोक्याला तो हजर. हातात तांब्या, कधी सोबत करवंदं, कधी आईने दिलेले नागलीचे पापड. दोघं टाकीच्या दोन बाजूंना उभे राहून आळीपाळीने धार सोडायचे. पाण्यातून त्याचा चेहरा थोडा वाकडा दिसायचा. ते अपवर्तनामुळे, हे तिला ठाऊक होतं. तो चेहरा इतका आवडायला का लागला, ते मात्र ठाऊक नव्हतं...

"तुम्ही शनिवारीच बऱ्या दिसता," तो एकदा म्हणाला.

"आणि इतर दिवशी?"

"इतर दिवशी तुम्ही दिसताच कुठे? सातच्या बसने जाता, सातच्या बसने येता. मी गॅलरीतून नुसता छत्रीचा रंग बघतो."

"छत्री फक्त पावसाळ्यात असते."

"म्हणून तर हिवाळा जड जाणार, मॅडम."

दिवाळीनंतरच्या शनिवारी धार सोडता सोडताच त्याने विचारलं होतं. आवाज न बदलता, जिलबीकडे बघत.

"उज्वला, माझ्याशी लग्न कराल?"

तिचा तांब्या पाण्यातच राहिला. मनात उत्तर होतं. पण त्यामागोमाग निफाडजवळचं घर आलं, भावकी आली, आणि सुरगाण्याचा आदिवासी जावई म्हटल्यावर उठणारे प्रश्न आले. शिवाय वडिलांचा, अण्णांचा चेहरा. त्यांनी द्राक्षाच्या बागेत राबून तिला एम.एस्सी. केलं होतं.

"मला... थोडा वेळ द्या."

"घ्या ना. मी कुठे जातोय?"

त्याने परत कधी विचारलं नाही. तिने मात्र रोज मनात मोजलं. दर वेळी आकडा तोच यायचा, आणि दर वेळी तिला वाटायचं, अजून एकदा बघू.

असे सहा महिने गेले.

मे महिन्यातल्या शनिवारी तो आला, तेव्हा हातात तांब्या नव्हता. एक छोटा खोका होता.

"बदली झाली," तो म्हणाला. "सुरगाण्यालाच. सोमवारी हजर व्हायचंय."

 उज्वलाच्या हातातल्या तांब्यातलं पाणी फरशीवर सांडत होतं.

"आईजवळ जातोय, चांगलंच आहे," तो हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "पण इथे शनिवारी कोण येणार? म्हणून हा पंप आणलाय, बॅटरीवरचा. आता माझी गरज पडायची नाही."

त्याने नळी टाकीत सोडली, बटण दाबलं. बारीक घुर्रघुर्र सुरू झाली आणि बुडबुड्यांची माळ वर चढली. करंजी लगेच माळेत शिरली.

"दिनेश..." उज्वलाने कपाट उघडलं. वरच्या कप्प्यातून तिने तसाच एक खोका काढला. कंपनी तीच, आकार तोच. सीलसुद्धा तोडलेलं नव्हतं.

"हा काय?"

"पंप. ऑगस्टमध्ये घेतला होता."

"ऑगस्ट?" त्याने बोटं मोजली. "म्हणजे नऊ महिने मी फुकट पाणी उपसतोय?"

"हो."

"माझे खांदे भरून यायचे, माहितीये? रविवारी शेळीला धरायला जोर नसायचा!"

"मग सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तर तुम्ही हा खोका उघडला असता!"

दोघंही हसले... आणि मग हसू एकदम ओसरलं. पंप आपलं काम करत होता. पहिल्यांदाच दोघांच्या हातांना काही काम नव्हतं. पंखा बंद, रस्ता तापून सुना पडलेला. उज्वलाला वाटलं, आपल्या छातीतली धडधड त्यालाही ऐकू जात असेल. तिने ती मोजली नाही.

"निघतो," तो म्हणाला. "सामान बांधायचंय."

त्याच वेळी फोन वाजला. अण्णा. या बांधावरून त्या बांधावर हाक मारल्यासारखं ते फोनवर बोलत, आणि बंद पंख्याच्या खोलीत त्यांचा शब्दन् शब्द घुमायचा.

"उज्वला! जेवली का? अगं, पिंपळगावच्या पाव्हण्यांचा परत फोन आला व्हता. मुलगा बँकेत हाय. आज संध्याकाळी निरोप द्यायचा हाय, काय कळवू?"

दिनेश मान खाली घालून दाराकडे निघाला. इतर वेळी उज्वला फोन घेऊन आतल्या खोलीत गेली असती. 'बघू अण्णा, सांगते' म्हणाली असती. आज ती जागची हलली नाही. तिने हात लांब करून त्याची बाही धरली. तिची बोटं ओली होती, बाहीवर डाग पडला.

"ऐकतीस ना, बाई? लय दिस झाले, तू नुसतं बघू-बघू करतीस. तुझी आई म्हनती, पोरीच्या मनात दुसरंच कायतरी हाय. असंल तर सांग ना. मी काय वाघ हाय का खायला?"

"अण्णा..."

"बोल की."

"त्यांना नाही म्हणून कळवा."

पलीकडे चालू असलेली पाण्याची मोटार बंद झाली. मग अण्णांचा आवाज आला, या वेळी साध्या माणसासारखा, हळू.

"बरं. कळवतो. पण का, ते तरी सांगशील?"

दिनेशने बाही सोडवून घेतली नाही. श्वास रोखून तो तिच्याकडे बघत होता. उज्वलाचा आवाज कापला नाही.

"माझ्या मनात दिनेश गावित आहेत, अण्णा. सुरगाण्याचे, गुरांच्या दवाखान्यात असतात. आदिवासी आहेत. लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, तुम्हालाही त्रास होईल. त्यांनी मला दिवाळीनंतर लगेच विचारलं होतं, मीच घाबरून गप्प बसले. आत्ता ते इथेच उभे आहेत, सगळं ऐकतायत..." तिने त्याच्याकडे पाहिलं. "मला त्यांच्याशीच लग्न करायचंय."