खुर्चीपाशी सत्तावन्न डिग्री

ही गोष्ट ऐकीव नाही. तारखा, वेळा, आकडे, सगळं एका वहीत लिहिलेलं आहे आणि ज्यांनी ते लिहिलं ते आजही हयात आहेत. वही निळ्या पुठ्ठ्याची आहे. जे त्यांनी लिहिलं किंवा स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तेवढंच इथे आहे.

यात अमावस्या नाही. स्मशान नाही. मध्यरात्र तर नाहीच.

जे झालं ते उजेडात झालं. ११ जानेवारी २०२४, गुरुवार, दुपारचे सव्वातीन. अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यात, गोठलेल्या तळ्याकाठच्या एका छोट्या लाकडी घरात.

घरात माणूस एकच होता.

निदान... त्याला तसं वाटत होतं.

पुरुषोत्तम दाबके. ओळखीतले सगळे त्यांना पुरुषोत्तमकाका म्हणतात. वय चौऱ्याहत्तर. शॉमबर्गमध्ये, शिकागोच्या एका उपनगरात, त्यांनी एकतीस वर्षं बिस्किटांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून काढली. काम एकच, भट्ट्यांचं तापमान सांभाळणं. हाताखालच्या पोरांना ते दोन गोष्टी सांगत. आकडा खोटं बोलत नाही. आणि काटा कुठे लावलाय ते आधी बघा.

पहिली गोष्ट ते घरीही ऐकवत. दुसरीची घरात कधी गरज पडली नाही.

रिटायर झाल्यावर काका आणि शरयूकाकू तळ्याकाठच्या या घरात राहायला आले. इथे उबेसाठी पेलेट स्टोव्ह होता. लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या, म्हणजे पेलेट. गोळ्यांची पोती वरच्या पेटीत ओतायची. आतला स्क्रू फिरतो, गोळ्या एकेक करून आगीत पडतात. टक... टक... टक. थंडी जास्त असली की टकटक भरभर होते. खोली तापली की थांबते.

खोली तापली की नाही, हे रिमोट ठरवतो. रिमोट जिथे ठेवला असेल तिथली हवा तो मोजतो आणि स्टोव्हला कळवतो. रिमोट स्टोव्हवरच्या फळीवर असायचा. आकडा अडुसष्टवर लावलेला. फॅरनहाइट. आपले वीस सेल्सिअस.

"अडुसष्टला माणूस सुखात असतो," काका म्हणत.

"मग तुमच्या अडुसष्टलाच स्वेटर घाला," काकू म्हणत. "मला दोन लागतात."

हे भांडण चाळीस वर्षं जुनं होतं. दोघांनाही ते आवडायचं.

पण शेवटच्या हिवाळ्यात ते भांडण राहिलं नाही.

काकूंना कॅन्सर होता. उपचारांनी अंगात काही उरलं नव्हतं. खिडकीजवळच्या निळ्या खुर्चीत त्या दिवसभर बसून असायच्या. गोठलेल्या तळ्याकडे बघत. तळहातावर तळहात घासत.

"अहो, थंडी वाजतेय हो."

काका उठायचे. फळीवरचा रिमोट आणून दाखवायचे. "अडुसष्ट आहे शरयू. हे बघ."

असं बऱ्याचदा झालं. मग जानेवारीत कधीतरी काकू तसं म्हणायच्या थांबल्या.

काकांना वाटलं, बरं वाटतंय तिला.

१४ मार्च २०२३ ला त्याच खुर्चीत काकू गेल्या. नर्सने सांगितलं होतं म्हणून काका शेवटचे चार दिवस त्यांचा श्वास मोजून वहीत लिहीत होते. शेवटची नोंद, मिनिटाला बावीस.

उन्हाळा गेला. ऑक्टोबरमध्ये मुलगी आश्लेषा शॉमबर्गहून आली. घर आवरलं. स्टोव्हवरच्या फळीवर तिने आईचा फोटो ठेवला. तिथला रिमोट उचलून निळ्या खुर्चीशेजारच्या टेबलावर ठेवला.

६ नोव्हेंबरला काकांनी हिवाळ्यातला पहिला जाळ पेटवला.

आणि स्टोव्ह थांबेचना.

टकटकटकटक... दिवसभर. काचेमागे ज्वाळा पिवळीधमक, वरपर्यंत. घरात चौऱ्याऐंशी डिग्री. बाहेर बर्फ आणि काका बनियनवर.

वहीत पुढची आठ पानं त्याच स्टोव्हची आहेत. राख साफ केली, फरक नाही. धुराचा पाइप झाडला, फरक नाही. गोळ्या बदलून पाहिल्या, फरक नाही. गोळ्या पडण्याचा वेग सगळ्यात कमी केला. वेग कमी झाला, पण स्टोव्ह थांबला नाही. बंद केला की घर तासाभरात गोठायचं, चालू केला की भट्टी.

डिसेंबरमध्ये डेल नावाचा मेकॅनिक आला. त्याने स्टोव्हच्या दारात डॉलरची नोट अडकवून दार लावलं आणि नोट ओढून पाहिली. नोट हलली नाही. म्हणजे दाराची पट्टी घट्ट होती, जादा हवा आत शिरत नव्हती. दोन तास खटपट करून त्याने हात पुसले.

"स्टोव्ह एकदम ठणठणीत आहे," तो म्हणाला. "त्याला जे सांगितलं जातंय, तेच तो करतोय."

आश्लेषाचा रोज फोन.

"बाबा, एटी फोर? सीरियसली? घराचा सॉना केलाय तुम्ही."

"शोधतोय मी. दोष सापडेल."

"दोन महिने शोधताय. आग लागली म्हणजे? ते काही नाही. तेरा तारखेला मी येतेय, तुम्ही बॅग भरून ठेवा. शॉमबर्गला आमच्याकडे राहायचं."

"स्टोव्ह बिघडलाय गं. मी नाही."

"मग तेरापर्यंत नीट करा त्याला. नाहीतर घर बंद."

काकांना ते घर सोडायचं नव्हतं. का, ते त्यांनी मुलीला सांगितलं नाही. निळी खुर्ची शॉमबर्गच्या फ्लॅटमध्ये मावली नसती.

मग त्यांनी रिमोट तपासला. त्यावर खोलीचं तापमान दिसत होतं, सत्तावन्न.

चौऱ्याऐंशीच्या खोलीत सत्तावन्न! काकांना हायसं वाटलं. रिमोट बिघडलाय. सेल बदलले. सत्तावन्न. नवा रिमोट मागवला. स्वयंपाकघरात खोका उघडला, तेव्हा त्यावर त्र्याऐंशी दिसलं. अगदी बरोबर. आणून खुर्चीजवळच्या टेबलावर ठेवला.

ऐंशी... बहात्तर... त्रेसष्ट...

सत्तावन्न.

आता ११ जानेवारी.

काकांनी ठरवलं, खिडकीतून वारा येत असणार. वारा शोधायची त्यांची जुनी रीत होती. देवघरातली उदबत्ती पेटवायची आणि फटीफटीतून फिरवायची. जिथे धूर हलेल तिथे वारा.

त्यांनी खिडकीच्या चारही कडांवरून उदबत्ती फिरवली. धूर सरळ वर. जमिनीलगत सरळ. भिंतीच्या सांध्याला सरळ.

वारा नव्हता.

दोन दिवसांत आश्लेषा येणार होती. काकांनी उदबत्ती खुर्चीशेजारच्या टेबलावर, तिच्या स्टँडमध्ये खोचली आणि कारणाचा नाद सोडला. रिमोट उचलला आणि जुन्या जागी, फळीवर, काकूंच्या फोटोपुढे ठेवला.

आकडा चढला. चौऱ्याऐंशी.

स्टोव्ह थांबला.

दोन महिन्यांत पहिल्यांदा.

काकांनी वहीत लिहिलं, "३.१५. दोष सापडला. रिमोटची जागा चुकली होती."

टकटक बंद. स्टोव्हचा पंखा बंद. घरात अशी शांतता की पेन खाली ठेवल्याचाही आवाज झाला.

आणि त्या शांततेत...

घसर... घसर...

तळहातावर तळहात घासल्याचा आवाज.

काका हलले नाहीत. आवाज मागून येत होता. खिडकीकडून. खूप हळू. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून जपून घासल्यासारखा.

"शरयू?"

आवाज थांबला.

त्यांनी मान वळवली. खुर्ची रिकामी होती. कापडावर बसल्याची खूणसुद्धा नव्हती.

पण टेबलावरच्या उदबत्तीचा धूर आता सरळ जात नव्हता. तो खुर्चीकडे झुकत होता... आणि परत मागे येत होता. झुकत होता... मागे येत होता.

माणूस घाबरला की ओरडतो, पळतो. काकांनी घड्याळ बघितलं. एकतीस वर्षांची सवय. त्यांनी एक मिनिट धुराचे झोके मोजले.

बावीस.

त्यांनी वहीची मागची पानं उलटली. मार्च. चौदा. शेवटची ओळ.

बावीस.

त्यांनी हात पुढे केला. खुर्चीच्या पाठीजवळ, जिथे काकूंचे खांदे असायचे, तिथली हवा तळ्यावरच्या हवेसारखी गार होती. हातभर अलीकडे चौऱ्याऐंशीचा उकाडा.

तेव्हा त्यांना कळलं. आणि जे कळलं ते भुतापेक्षा वाईट होतं.

त्या हिवाळ्यात रिमोट फळीवर होता. आगीच्या डोक्यावर. तिथे अडुसष्ट झालं की स्टोव्ह थांबायचा. खिडकीजवळ किती होतं, ते कुणी मोजलंच नव्हतं. कारखान्यात एकतीस वर्षं पोरांना शिकवलं, काटा कुठे लावलाय ते बघा. आणि घरात...

तो आकडा ते तिच्या नाकासमोर धरत होते. आणि ती कुडकुडत होती.

काकांनी रिमोट फळीवरून उचलला. खुर्चीजवळच्या टेबलावर परत ठेवला. क्षणभराने टकटक सुरू झाली.

अडुसष्टचं त्यांनी अठ्ठ्याहत्तर केलं.

वहीतली वरची ओळ त्यांनी खोडलेली नाही. दोष सापडला. रिमोटची जागा चुकली होती. खाली फक्त एक शब्द वाढवलाय. "तेव्हा."

शनिवारी आश्लेषा आली. दारातच कोट काढला.

"बाबा! अहो, काय हे! श्वास घेता येत नाहीये."

"त्या खुर्चीजवळ जा," काका म्हणाले.

ती गेली. हात पुढे केला. बराच वेळ तसाच ठेवला. काकांना वाटलं होतं, ती किंचाळेल. ती आत गेली, कपाटातून आईची मोरपंखी शाल आणली आणि खुर्चीच्या पाठीवर पांघरली. व्यवस्थित, दोन्ही टोकं पुढे घेऊन.

मग जमिनीवर बसली.

"तिने मला फोनवर सांगितलं होतं," आश्लेषा म्हणाली. "की फार थंडी वाजते. मी म्हटलं, बाबांना सांग ना. तर म्हणाली, नको गं. ते उठतात, तो आकडा आणून दाखवतात, आणि मला गार वाटतंय म्हटलं की त्यांचा चेहरा एवढासा होतो. त्यापेक्षा नको सांगायला."

काकांनी चष्मा काढला. खूप वेळ पुसत राहिले.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती, बाबा."

बॅगेचं नाव त्या दिवशी कुणी काढलं नाही.

पुढचे तीन आठवडे तो स्टोव्ह एक मिनिटही थांबला नाही. काका दर काही तासांनी पोतं उचलून आणत आणि ओतत. घरात नव्वद. काका पंचा गुंडाळून, घामाने निथळत, खुर्चीसमोर स्टुलावर बसत. दर तासाला आकडा वाचत. मोठ्याने.

"अठ्ठावन्न आहे, शरयू. अजून कमी आहे. थांब."

साठ. बासष्ट. एक दिवस परत एकसष्ट, त्या दिवशी काका जेवले नाहीत. चौसष्ट. आकडा चढत होता तसा धुराचा श्वास मंदावत होता. अठरा. चौदा. झोपलेल्या माणसासारखा.

आकडा सदुसष्टवर आला तेव्हा काकांच्या लक्षात आलं की पुढे काय होणार आहे.

पेटी रिकामी होत आली होती. पोतं हातात होतं. ते ओतलं नाही, तर आकडा उतरेल. ती राहील. गार, पण राहील.

ते पोतं धरून किती वेळ उभे राहिले, याची वहीत नोंद नाही.

नोंद एवढीच आहे. ३ फेब्रुवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. पोतं ओतलं.

चार पन्नासला खुर्चीजवळ अडुसष्ट झालं. उदबत्तीचा धूर एकदा खुर्चीकडे झुकला... आणि सरळ झाला. पाच वाजता सत्तर. सव्वासहाला अठ्ठ्याहत्तर.

आणि स्टोव्ह आपोआप थांबला.

तेव्हापासून तो नीट चालतोय. डेल येऊन बघून गेला. आश्लेषानेही शॉमबर्गचा हट्ट सोडला. खुर्चीजवळची हवा खोलीसारखीच आहे. रिमोट मात्र खुर्चीजवळच असतो आणि आकडा आजही अठ्ठ्याहत्तरवर आहे. येणारे-जाणारे घाम पुसत विचारतात, काका, जरा कमी करू का? काका नको म्हणतात.

आश्लेषा त्यांना समजावते. "बाबा, तिला ऊब पोचली. म्हणून ती गेली. लेट इट गो."

काका मान डोलावतात. पण रोज दुपारी सव्वातीनला ते उदबत्ती लावतात, त्या स्टुलावर बसतात आणि विचारतात,

"शरयू, थंडी वाजतेय का गं?"

धूर सरळ वर जातो.

काकांना त्याचंच भय वाटतं. कारण त्या हिवाळ्यातही ती अशीच एक दिवस सांगायची थांबली होती...

आणि तेव्हाही त्यांना वाटलं होतं, बरं वाटतंय तिला.