सात नंबरच्या पवनचक्कीची किल्ली

खोटं बोलायची मला सवय नाही. शाळा दुसरीपर्यंत, पण डोळे शाबूत आहेत. पटत नसेल त्याने इथेच थांबावं.

गेल्या उन्हाळ्यातली दिवेलागणीची वेळ. आमचं घर टेकडीखाली. खिडकीतून बारा पवनचक्क्या दिसतात.

तीन दिवस वारा पडलेला. बाराही गप्प.

आमचे हे ऑक्सिजनच्या मशीनवर. जादाचा सिलिंडर मीच परत पाठवला होता. "दारात बारा चक्क्या, आम्हाला कसली भीती?" अशी ऐट केली होती.

आणि वीज गेली...

मुलगा सबस्टेशनात कामाला. त्याला फोन लावला.

"आई, वारा नाही, वीज पुरत नाहीये. दोन तास लागतील. सिलिंडर लाव."

"नाहीये."

तो म्हणाला, "घेऊन येतो. तासभर तग धर."

मशीनची बॅटरी वीस मिनिटांत संपली.

ह्यांचे ओठ निळे पडू लागले.

आणि मग...

हूप्... हूप्... हूप्...

बाहेर पान हलत नव्हतं. तरी सात नंबरची चक्की फिरत होती.

एकटीच.

मशीन सुरू झालं. दिवा लागला. फक्त आमच्या घरात. अख्खी गल्ली अंधारात.

सात नंबर म्हणजे माझ्या धाकट्या दिराची. तो चक्क्या दुरुस्त करायचा. वर चढणाऱ्याने खालच्या स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली खिशात ठेवायची. तो उतरेपर्यंत चक्की फिरवायची नाही, असा नियम.

दोन वर्षांपूर्वी तो चढला, आणि वरच गेला. कुलूप तसंच राहिलं, सात नंबर तेव्हापासून बंदच. किल्ली त्याच्या कपड्यांबरोबर माझ्या ट्रंकेत आली.

मी त्याला हिणवायचे, "घरातला पंखा पुसवत नाही, आणि निघाला आभाळातले पुसायला!"

तो हसायचा. "वहिनी, माझाच पंखा एक दिवस तुमच्या कामाला येईल."

मुलगा सिलिंडर घेऊन दारात आला, आणि हूप् हूप् थांबलं...

मी सगळं सांगितलं, तर म्हणाला, "आई, काहीतरीच काय! सातची केबल कधीच काढलीय."

सकाळी तो बघून आला. तोंड पांढरंफटक.

कुलूप उघडं लटकत होतं.

मी ट्रंक उघडली. किल्ली जागेवरच. पण तिला काळं, ओलं ग्रीस...

ह्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी मास्क बाजूला करून म्हणाले, "त्याला खाली बोलव. दमला असेल."

आता घरात दोन सिलिंडर असतात. माझी ऐट तेवढ्यापुरती जिरली.

आज पुन्हा वारा पडलाय. वीज आहे. हे शांत झोपलेत.

मघाशी सहज ट्रंक उघडली...

किल्ली नाही.

मग आज तो कोणासाठी चढलाय?